एक्स-रेच्या खोलीत रेंज नाही

३ मार्च, मंगळवार

आज पुन्हा दंड! मी एक्स-रे काढत होते. भिंतींत शिशाचे पत्रे, फोनला रेंज येणार कुठून? बाहेर आले तर यांचे अकरा मिस्ड कॉल. "चाळीस मिनिटं नोड बंद! होतीस कुठे?"

कुठे असणार? पेशंटचा गुडघा धरून उभी होते!

नोड म्हणजे माझाच फोन. तो जगभरातल्या फोनांबरोबर सतत लोकांचे क्रिप्टो-चलनाचे व्यवहार तपासतो, त्याचा मोबदला मिळतो. वॉलेटही त्यातच. माझी आठ वर्षांची बचत यांनी तिथे तारण ठेवलीय. फोन बंद पडला की त्यातून कापतात.

५ मार्च

फोन रिसेप्शनवर ठेवून आत गेले. नोड चालू होता. तरी यांचा कॉल — "दुसरीच कोण बोलतेय?"

दंडाचं नुसतं निमित्त.

९ मार्च

"नोकरी सोड. नोड घरी नीट चालेल." मीठ मागावं तसं म्हणाले. सासूबाई ताटात बघत राहिल्या.

१६ मार्च

सोडली.

२० मार्च

जिन्यात रेंज जाते, म्हणून भाजीलासुद्धा खाली उतरायचं नाही. बचत काढून द्या म्हटलं. वॉलेट उघडायचे गुप्त शब्द यांच्याकडेच. "तुला काय कळतं त्यातलं?"

हाडातली केसाएवढी चीर मला दिसते. हे मात्र दिसलं नाही!

२४ मार्च

हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंचा फोन. दुसऱ्या गावी त्यांच्या मैत्रिणीचा दवाखाना आहे, नोकरी आणि राहायला खोली. मी नाही म्हटलं. फोन नेला तर तो कुठे आहे ते यांना लगेच कळणार, ठेवला तर बचत गेली.

सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. "तो फोनवर नजर ठेवतो. मग फोन राहू दे माझ्याजवळ. विचारलं तर अंघोळीला गेलीय म्हणेन."

"आणि पैसे, आई?"

"पुन्हा मिळवशील गं. मला कुणी विचारलं असतं ना, तर मी नेसत्या लुगड्यानिशी गेले असते."

रडले. मग डॉक्टरीणबाईंना हो कळवलं.

२६ मार्च

बसमध्ये लिहितेय. अक्षर हलतंय.

बस सुटता सुटता कुणीतरी दारावर थापा मारल्या. कंडक्टरने दार उघडलं — सासूबाई! धापा टाकत आल्या.

"फोन चार्जिंगला लावून आलेय," म्हणाल्या. "सरक जरा."