पायरीवरचा डबा

आये, आज मी पेशंटच्या घरी जेवले. पोटभर जेवले. तू असतीस तर हातातला घास पाडला असतास.

तेरा वर्षांची होते मी. गावात कुणाचं शेवटचं आलं की उशाशी बसायला तुलाच बोलावणं यायचं आणि त्या दिवशी तू मलाही नेलंस. त्या घरच्या सुनेनं मला तांदळाची भाकरी आणि जवळ्याचं कालवण वाढलं. पहिला घास तोंडाशी नेला तोच तू सगळ्यांदेखत हातावर फटका मारलास. "मरनाच्या घरात खायाचा नाय. आपला डबा, आपली पायरी." तेव्हापासून सव्वीस वर्षं मी पायरीवर जेवतेय. आता पगार घेऊन पेशंटच्या उशाशी बसते, तरी सुकापूरच्या टॉवरमध्येसुद्धा सहाव्या मजल्याच्या जिन्यात. गावच्या हळदीला मला कुणी बोलवत नाही, मरणाचा हात म्हणतात. तो हात तू दिलास मला, आये. माणूस गेलं की घरचे मला आठवड्यात विसरतात, आणि विसरणारच, मी त्यांच्या घरात धड शिरलेलीच नसते.

सध्या रोडपालीला एक म्हातारी आहे. डॉक्टरांनी हात टेकलेत. आज दुपारी मी डबा उचलला तर ती औषधाला तोंडच उघडेना. म्हणाली, "बाहेर का जेवतेस गो? मी काय आताच मेली हाय?" मी म्हटलं, आमच्या आईचा नियम आहे. "कुठं हाय तुजी आय?" गेली, म्हटलं. "मंग भितेस कुनाला?" मी डबा खाली ठेवला. तिच्या सुनेनं ताट वाढलं, वालाचं बिरडं आणि भात. म्हातारी चमचाभर पेज घेऊन माझा एकेक घास बघत राहिली. "मीठ कमी हाय ना?" तिनं विचारलं. मला असं शेवटचं कुणी कधी विचारलं होतं, आठवेना. मला रडू आलं, आणि तुझा भयंकर राग आला.

रागाचं कारण तुला माहीत आहे. तुझ्या शेवटच्या दिवसांत एका दुपारी तूही म्हणालीस, "हितं बस. माझ्यासमोर जेव." आणि मी म्हटलं, "तुजाच नियम हाय." डबा घेऊन आपल्याच घराच्या पायरीवर जाऊन बसले. तू आतून दोनदा हाक मारलीस. मी परत आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड केलं होतंस, आणि मग पुन्हा काही मागितलं नाहीस. लोकांना मी सांगते, आमची आई शेवटपर्यंत नियमाची पक्की होती.

हा कागद कुठं धाडणार? डब्यातच ठेवतेय. उद्या डबा रिकामा आहे, जेवण म्हातारीकडेच आहे. त्या दुपारीही डबा रिकामाच होता, आये. मला भूकसुद्धा नव्हती. तुला नुसतं हाका मारत ठेवायचं होतं.