कुटुंबीयांची तक्रार नाही

६ जानेवारी २०२५
रुजू झाले. टेबल, खुर्ची, दारावर पाटी — जनसंपर्क अधिकारी. सत्तावन्नाव्या वर्षी! माझी प्राथमिक शाळा बंद पडल्यावर घरी बसून भिंती बघण्यापेक्षा बरं.

मालक म्हणाले, "मॅडम, आमचे खनिजाचे टिपर तुमच्या चिखला गावातून जातात, लोक शिव्या देतात. तुमचं ऐकतील. अर्ध्या गावाला तुम्ही शिकवलंय." म्हटलं, खरं असेल तेच लिहीन. हसले. "म्हणून तर तुम्हाला घेतलं."

संध्याकाळी शेजारची मंगला आली. "काय वं करुणा, पेपरवाली झाली म्हन्तात तू! आता वळख देशीन का नाई?" चहा पिऊन, चहात साखर कमी होती असं सांगून गेली. तिचा धाकटा विनोद याच कंपनीत टिपर चालवतो.

१९ जानेवारी
पहिली प्रेसनोट — आरोग्य शिबिराची. तुमसरला जाऊन स्वतः दिली. भैयाजी नावाचे एक जुने वार्ताहर आहेत. दोन पानं उलटून म्हणाले, "बाई, निबंध लिहला का? चार वाक्यं द्या. आनि एखादं वाक्य लोकायच्या तोंडी घाला. लोकायचं वाक्य कोनी कापत नाई."

अपमान वाटला. पण बरोबर होतं. तिथेच बसून पुन्हा लिहिली.

२१ जानेवारी
लागली! शब्दाला शब्द.

२ मार्च
हायस्कूल भरताना-सुटताना टिपर बंद. महिनाभर मालकांच्या मागे लागले. आधी करून घेतलं, मग छापून आणलं. हे काम मला जमतंय. या वयात काही नवीन जमतं, हे कुणाला सांगायचं? इथेच लिहिते.

येताना मागून हॉर्न. विनोद! काचेतून डोकं बाहेर. "मॅडम, बाजूले व्हा, कंपनीची गाडी आहे!"
"मेल्या, हळू चालव."
"काकू, हे पेपरात नोका टाकू हं!"
याला बाराखडी मी शिकवली. 'ळ' कधी म्हणता आला नाही.

११ एप्रिल
विनोद गेला.

१२ एप्रिल
लिहायलाच हवं. काल खाणीकडून येताना उतारावर टिपर उलटला. विनोद खाली सापडला. दवाखान्यात त्याचा मोठा भाऊ कुंदन ओरडत होता — "ब्रेक लागत नव्हता गाडीचा! कितीदा सांगतलं त्यानं!"

मालकांचा फोन. "वार्ताहर विचारतायत. घरच्यांशी बोलून खुलासा द्या. आजच."

गेले. मंगला भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ बसले आणि विचारलं, "कोणाबद्दल काही म्हणायचंय का तुला?" असं विचारलं मी! शेजारीण म्हणून गेले होते की कोण म्हणून?

ती म्हणाली, "कोनाले काय म्हनू वं करुणा? म्हनून का माया विन्या येते?"

घरी येऊन चार वाक्यं लिहिली. शेवटचं — "घटनेबाबत कुटुंबीयांची कोणाविषयीही तक्रार नाही." जन्मभर पोरांची बोली शुद्ध करत आले. तिचंही वाक्य शुद्ध केलं. लिहिताना हात थांबला नाही.

१३ एप्रिल
सगळ्या पेपरांत लागली. कुणी एक अक्षर कापलं नाही.

भैयाजींचा फोन — "बाई, आता शिकल्या तुमी." मालकांचा — "मॅडम, एका वाक्यात काम केलंत. नागपूरचं ऑफिसही आता तुम्हीच बघा."

कात्रण समोर ठेवून बसले. ती तसं म्हणालीच नव्हती. काय म्हणाली होती, ते मला नेमकं आठवतंय. जेवण गेलं नाही.

१४ एप्रिल
जयंती. वस्तीत मेणबत्त्या लावल्या. गाणी लावली नाहीत.

१७ एप्रिल
विनोदचं सातव्या दिवसाचं पुण्यानुमोदन झालं. भंते गेले तसा कुंदन अंगणात माझ्यासमोर उभा राहिला. सगळ्यांदेखत.

"काकू, ठान्यात गेल्तो. ब्रेकचं सांगतलं. ठानेदार पेपर दाखवते! म्हन्ते, घरच्याइचीच तक्रार नाई तं गुन्हा कोनावर लावू? आमी कवा म्हनलं असं? कोन म्हनलं?"

 आतून मंगलानं पाहिलं. वाटलं, आता ही बोलेल. बोलू दे. शिव्या दे, हाकलून दे.

म्हणाली, "उभी काहून आहे वं करुणा? बस न. जेवली का?"

१८ एप्रिल
राजीनामा दिला. मालक म्हणाले, "मॅडम, भावनेच्या भरात निर्णय नका घेऊ." म्हटलं, भावनेच्या भरात नाही, शुद्धीवर आल्यावर घेतेय.

दुपारी मंगलाकडे गेले, सगळं सांगायला. घर पाहुण्यांनी भरलेलं. तिच्या सासरकडची माणसं तिच्या तोंडात घास घालत होती. परत आले.

उद्या ठाण्यात जाते. ते वाक्य तिचं नाही, माझं आहे, असं सांगते. त्यावर काय व्हायचं ते होवो. विनोदच्या मृत्यूचा गुन्हा नोंदला गेला पाहिजे. मग मंगलाकडे जाते. मग ती जे म्हणेल ते.

१९ एप्रिल
गेले. ठाणेदार म्हणाले, "मॅडम, उशीर केलात. कुंदन ऐकेना, म्हणून काल सांजेला आईलाच बोलावलं. तिचं बयान झालं." मी विचारलं, काय म्हणाली? त्यांनी तिच्याच शब्दांत सांगितलं —

"त्या दिसाचं मले काई आठवत नाई, साहेब. पन करुणानं लिहलं, तं म्या म्हनलंच असन. थे खोटं नाई लिहत."