अर्ध्या वाक्यावरचा शेवट

१० जानेवारी १९७१, रविवार
नव्या वर्षाचा संकल्प, जरा उशिरा: वाचलेल्या प्रत्येक कादंबरीवर इथे मत लिहायचं. बेलापुरात मत असलेला माणूस मी एकटाच. आमच्या साखर कारखान्याच्या ऑफिसात लोकांना फक्त उसाबद्दल मत असतं.
पहिली कादंबरी ऐतिहासिक, जाडजूड. नुसते घोडे. राजा आला तेव्हा मी झोपलो होतो. घोर निराशा.

२४ जानेवारी
वाचनालयातून आणलेली 'दूरचा फलाट' संपवली. त्यापायी चर्चमध्ये उपासनेला गेलो नाही. आई बोलत नाही.
काय कादंबरी! नायक मामाची गिरणी नाकारतो, मामाची मुलगी नाकारतो आणि प्रेयसीची वाट बघत स्टेशनवर उभा राहतो. गाडी येते. 'त्याने पिशवी उचलली आणि' – संपलं! पुढे थेट पुठ्ठा. वाक्यसुद्धा पुरं केलेलं नाही. याला म्हणतात टेक्निक.

२६ जानेवारी
झेंडावंदनानंतर हेडक्लार्क रंगनाथ यांना शेवट समजावला. 'आणि' काय, असं विचारत राहिले. म्हटलं, तेच तर! त्यांनी चहा मागवला. माणूस हलला असावा.

१४ फेब्रुवारी
पाळकसाहेबांनी आणलेलं स्थळ बघायला आईबरोबर केडगावला. मुलगी कृपा, शाळेत शिक्षिका. डोळे चांगले. मी थेट विचारलं, 'दूरचा फलाट' वाचलीत? वाचली होती! मी हरखलोच. पण म्हणाली, शेवट पटला नाही. इतका स्वाभिमानी माणूस शेवटी शेपूट घालतो.
शेपूट? ताठ उभं राहून वाट बघणं म्हणजे शेपूट घालणं? मी शांतपणे म्हणालो की काही शेवट कळायला तयारी लागते. ती पोह्यांच्या बशा उचलून आत गेली. पटलं असणार.

२ मार्च
नकार कळवला. पाळकसाहेबांनी कारण विचारलं. खरं तेच सांगितलं: मुलीला कादंबरी कळत नाही. आई म्हणते, मुलगी लाखात एक होती. आईला साहित्यातलं काही कळत नाही.

२० मार्च
ऑफिसच्या कामाने नगरला. 'दूरचा फलाट'ची स्वतःची प्रत घेतली. एसटी स्टँडवर सहज शेवट उघडला.
'त्याने पिशवी उचलली आणि तो मामाच्या गावाच्या गाडीत बसला.'
पुढे अख्खं प्रकरण! मामाच्या मुलीशी लग्न करतो. गिरणीत गल्ल्यावर बसतो. दळण मोजतो! लेखकाने माझा विश्वासघात केला. एसटी चुकली.

२१ मार्च
वाचनालयात जाऊन पुस्तकं देणाऱ्या कानिफनाथला झापलं. तो म्हणाला, पानं लई दिवसांपासून न्हाईत, सगळे शेवट मलाच इचारत्यात, तुमी इचारलाच न्हाई. म्हणजे गावाला माहीत. कट आहे.
पण मग कृपाचं मत तेच माझं मत! अख्ख्या जिल्ह्यात या शेवटाने दोघंच दुखावले गेलो. पुढच्या रविवारी जाऊन सांगायचं. आनंदाने रडेल.

२८ मार्च
सकाळच्या एसटीने केडगावला. ती ओट्यावर पेपर तपासत होती. म्हणालो की मी तुमच्याशी सहमत आहे. नकार मागे घेतो.
तिने पेन खाली ठेवलं. "मी आवडले नाही म्हणाला असता, तरी चाललं असतं. तुम्ही सांगितलंत, हिला कादंबरी कळत नाही. अख्ख्या मंडळीत झालंय ते. मी मराठी शिकवते हो शाळेत."
वाचनालयाच्या प्रतीत शेवटची पानंच नव्हती, असं मी सांगितलं.
"वाक्य अर्धं राहिलंय, हे माझ्या सातवीतल्या पोरांना कळतं," ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, "त्या दिवशी कुणीतरी पुस्तकाचं विचारलं म्हणून मला किती बरं वाटलं होतं. आता नको." आणि पुढचा पेपर घेतला.
स्वभाव फटकळ आहे. सुटलो म्हणायचं. आईला घरी आल्यावर तसंच सांगितलं. तिने विचारलं, डोळे का लाल? म्हटलं, इंजिनाचा कोळसा गेला.
आई म्हणाली, "तू यस्टीनं गेल्ता ना रं?"