घरचा वकील

म्हसरूळ, नाशिक
२४ सप्टेंबर २०२५, बुधवार

चि. शेखर,

मामीचा आशीर्वाद घे आणि निकितालाही दे. तुझं कोर्ट आणि तिची शाळा ठीक चालू असेल असं समजते. मी आणि सृष्टी बऱ्या आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या लग्नातही कुरकुरत होता.

याच शहरात राहून ही बाई पत्र कसलं लिहितेय, असं वाटेल तुला. काय करू? फोन केला की तू "मामी, कोर्टात आहे" म्हणतोस. मागच्या रविवारीही तेच म्हणालास. रविवारी कोर्टात बसणारा नाशिकमधला तू एकटाच वकील असशील.

तर बातमी अशी, की पुढच्या गुरुवारी, दसऱ्याला, घरभरणी करायची ठरवलीय. तुझ्या मामांचं वर्षश्राद्ध झालं, आता हरकत नाही असं गुरुजी म्हणाले. गेल्या वर्षी आम्ही मायलेकी या घरात आलो त्या चोरासारख्या. टेम्पोतून सामान उतरवलं आणि दिवा लावला, झालं. तेव्हा कसलं दूध उतू घालायचं! यंदा घालणार आहे. तू यायचं आहेस.

कोबा नवा केलाय. स्वयंपाकघरातला नळ गळतो. शेजारची पायल रोज काही ना काही वाटीतून आणून देते. पोरगी भली आहे, पण तोंडाला कुलूप नाही तिच्या. म्हणूनच हे पत्र. तिच्याकडून काही ऐकण्याआधी तू ते माझ्याकडून ऐकावंस.

जरा मागून सांगते. आपण दोघं यावर कधी बोललोच नाही.

तुझ्या मामांनी जन्मभर दुसऱ्याच्या वावरात निम्म्या वाट्याने झेंडू केला. दसऱ्याला अख्ख्या पंचवटीच्या दारांना त्यांची फुलं लागायची, आणि आमच्या भाड्याच्या खोलीच्या दाराला संध्याकाळी उरलेली, चेपलेली. मी चिडायचे. ते म्हणायचे, "दार आपलं नाय ना. ज्याचं दार त्यानं बघावं." सृष्टीला नोकरी लागली, कर्ज मिळालं आणि मनीषाबाईंचं हे रो-हाऊस ठरलं, तेव्हा ते पहिल्यांदा म्हणाले, "यंदा तोरण आपल्या दाराला."

मी म्हटलं, वकील चांगला बघा. ते माझ्यावरच उखडले. "घरचा वकील सोडून परका? शेखरला काय वाटंल?" तू फी घेणार नाहीस म्हणालास, तेव्हा तर त्यांची छाती फुगली. फुलबाजारात ज्याला त्याला सांगत सुटले. शेखर, आमची चूक झाली ती तिथे. परक्या वकिलाला फी दिली की चार वेळा फोन करून विचारता येतं. फुकट काम करणाऱ्या घरच्या माणसाला विचारायचं कुठल्या तोंडाने? मी फोन हातात घेतला की ते म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. लय कामं असतात त्याला. करंल तो."

तू जुन्या खरेदीखतावर 'मनीषा' वाचलंस आणि बँकेला तेच नाव दिलंस. पैशांचा डीडी त्या नावाने निघाला. बाईचं बँकेतलं खातं मात्र माहेरच्या नावाचं, कलाबाई. लग्नात ताटातल्या तांदळावर नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, ते घराच्या कागदांवर चढलं. शाळेच्या दाखल्यावरचं जुनं नाव खात्यावर राहिलं. आपल्याकडे घरटी एक बाई अशी सापडेल. तू पासबुक मागितलं असतंस तर दोन मिनिटांत कळलं असतं.

चूक कुणाकडूनही होते. पण डीडी परत आला, आणि तू गणपती उठेपर्यंत तो फायलीत ठेवून गप्प बसलास. आम्ही विचारलं तर "होतंय, मामा" म्हणालास. नवा डीडी काढायला, दोन्ही नावांची बाई एकच असं प्रतिज्ञापत्र करायला मग कुठे सुरुवात झाली. आणि ते हातात आलं तेव्हा पितृपक्ष लागला होता. मनीषाबाई म्हणाल्या, "पित्तरांत मी सही करणार नाय, आणि किल्लीबी देणार नाय. घट बसले की या." त्यांचं काय चुकलं? मीही तेच म्हटलं असतं.

आता ते लिहिते, ज्याच्याभोवती इतका वेळ घुटमळतेय.

मामा घरीच वारले, असं मी तुला सांगितलं. झोपेत, शांतपणे. सगळ्यांनाच तसं सांगायला लावलं. ते खरं नाही.

श्रावणातच मनीषाबाईंची परवानगी काढून त्यांनी इथे कुंपणाच्या कडेला झेंडू लावला होता, दसऱ्याला फुलावा असा. व्यवहार लांबला तरी रोज सकाळी गाडीवर येऊन पाणी घालायचे. मनीषाबाई लेकाकडे राहायला गेलेल्या, घराला कुलूप. फाटकाची कडी तेवढी उघडी असायची. त्या दिवशीही आले. पाणी घातलं. पायलला म्हणाले, "जरा टेकतो." आणि बंद दाराला पाठ लावून पायरीवर बसले ते बसलेच. मी पोचले तेव्हा तांब्या मांडीवर होता. चेहरा म्हणशील तर शांत होता, तेवढं मी खोटं सांगितलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हृदय थकलेलं होतं, हे कुठेही झालं असतं. मी ते मानते. पण कुठेही झालं नाही ना रे. कुलूप लावलेल्या दाराबाहेर झालं. त्या दाराच्या आत खाट टाकून मी त्यांच्या उशाशी बसले असते, पाणी दिलं असतं. याचा मला राग येतो, फार येतो. भांडी घासताना येतो. किल्ली फिरवताना रोज येतो.

रामकुंडावर दहाव्याला तू लांब उभा राहिलास. नंतर खरेदीखत तू पुरं केलंस, पण कागद कारकुनाकडून पाठवलेस आणि उंबऱ्याला पाय लावला नाहीस. मला वाटलं, याला कुणीतरी खरं सांगितलं असावं. मग वाटलं, न सांगताच हा इतका मोडलाय, तर सांगून काय करू? म्हणून वर्षभर गप्प राहिले. तुझ्यासारखीच. घराण्याची खोडच म्हणायची.

'माफ केलं' असं लिहायला बसले होते. लिहवत नाही. पण घरच्या माणसावर राग धरायचा, भांडायचं, तर तो माणूस घरात तरी पाहिजे ना? तू आलाच नाहीस तर मी भांडू कुणाशी? भिंतींशी? मामांच्या जुन्या गोष्टी माझ्याशी बोलेल असं तुझ्याशिवाय कोण आहे? तू पाच वर्षांचा असताना फुलांच्या पाटीत झोपायचास, ते आठवणारी मी एकटीच उरले आहे.

गेल्या दसऱ्याला त्यांची फुलं तशीच झाडावर वाळली, कुणाचा हात धजला नाही. मी त्यांचंच बी धरलं. यंदा कुंपण पिवळंधमक झालंय. तोरण मी ओवेन. बांधायला शिडीवर चढणारं कुणी हवं, आणि या गुडघ्याने ते होणार नाही. पायलचा नवरा तयार आहे. मी त्याला नको म्हटलंय. तू आलास तर तोरण लागेल, नाही आलास तर दार तसंच राहील. त्या पायरीवरून तुला चढावं लागेल. मलाही रोज चढावं लागतं.

एक राहिलं. नव्या खरेदीखतासाठी तू कारकुनाला माझं माहेरचं नाव विचारायला पाठवलंस, ते मला कळलं. लग्नात मामांनीच मला 'प्रतिभा' केलं, आणि जन्मभर हाक मात्र जुन्याच नावाने मारली, कुणी नसताना. "कुसे, चहा ठेव." ती हाक आता कुणी मारत नाही. ते नाव तुझ्या त्या कागदावर तेवढं राहिलंय. यावेळी नाव बरोबर लिहिलंस, पोरा.

सकाळी लवकर ये. उपाशी ये.

वाट बघणारी, तुझी मामी,
प्रतिभा ऊर्फ कुसाबाई