पेटी किती करंट खाते

३ जून
नरडाण्याला आले. घर अमळनेरला, रेल्वेने जवळ, म्हणून आई खूश. विहिरीवरच्या मोटारींच्या कंट्रोल पेट्या बनवणारं छोटं वर्कशॉप, आणि मी त्यांची टेस्टिंग इंजिनिअर! मालक प्रेमराजभाऊंनी पेढा दिला, स्वतंत्र टेबल दिलं. टेबलावर कुणाच्या तरी भज्यांचं तेल होतं. मी घासून घासून पुसलं. मला घाण सोसत नाही हे आजच सगळ्यांना कळलं आणि दिवसभर माझी थट्टा झाली.

५ जून
पेटीतल्या पॉवर चिपचा स्वतःचा खर्च डेटाशीटमध्ये पंचवीस मायक्रोअँपिअर लिहिलाय. माझ्या मीटरवर कितीतरी जास्त. डोकं पिकलं, मग खालची बारीक टीप वाचली. तो आकडा चिप जागी असून काम करत नसतानाचा. स्विचिंग सुरू झालं की खर्च वाढणारच. स्वतःलाच हसले.

मग चिप पूर्ण बंद करून मोजलं. आता जवळपास शून्य हवं. उघड्या बोर्डावर तसं आलंही. पण तोच बोर्ड पेटीत घालून, ओल लागू नये म्हणून वरून डांबर ओतलं, की आकडा उतरेचना. बंद पेटी कशाला करंट खाते?

६ जून
डांबर ओतणाऱ्या दिपमालाला विचारलं. ती म्हणाली, नवं डांबर येतच नाही. शेतांतून परत आलेल्या पेट्या फोडायच्या, डांबर खरवडायचं, वितळवून पुन्हा ओतायचं. मी विचारलं, आणि शेतात या पेट्यांत शिरून मेलेल्या पाली?

"बठ्ठं वितळी जास, ताई," ती शांतपणे म्हणाली. म्हणजे सगळंच वितळून जातं.

मला जेवण गेलं नाही. भाऊ म्हणाले, इतकं सोवळं कारखान्यात चालत नाही.

७ जून
एका पेटीतलं डांबर नखाने टोकरलं. कडक हवं होतं. मऊ निघालं, कोमट, बुळबुळीत. कुजका वास. बोट टेकलं की मीटरवरचा आकडा शून्याकडे यायचा, काढलं की पुन्हा वर. माझं बोट टेकलेलं असताना पेटीला बाहेरचा करंट लागत नव्हता; ती तो माझ्यातून घेत होती. तिथेच ओकले.

८ जून
नखातलं डांबर निघत नाही. साबण, रॉकेल, थिनर — काही नाही. दोन पेरं काळी. दुखत नाही, त्याचीच जास्त किळस येते. डॉक्टरांनी अ‍ॅलर्जी म्हणून मलम दिलं. भाऊ खूश आहेत. मी हात लावला की पेट्या पास होतात.

९ जून
सगळ्या तारा काढल्या. तरी बोट लावताच पेटीचा दिवा लागला. काळं आता बोटाच्या मुळापाशी — हात वाचवायचा तर बोट —

१० जून
डाव्या हाताने लिहितेय. तोडलं. रक्त नाही, काळा पू. तुकडा टेबलावर वळवळतोय — शी — पेटीकडे सरकतोय —

जखमेतून काहीतरी वर येतंय. मऊ. निमुळतं. पालीला नवी शेपूट येते तसं, मला नवं —