सोबत एक नातेवाईक

३ जुलै
आज लेकीकडे राहायला आलो, कायमचा. चौथा मजला, पण लिफ्ट आहे. मला रस्त्याकडची खोली दिली: खाट, पंखा, चष्मा ठेवायला फळी. पाच वर्षांची नात ठमी माझ्या काठीचा घोडा करून घरभर उधळते. जावई शाळेत गणित शिकवतात. जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, पण आमचा ग्रह कधी आवाज चढवत नाही. माझी ट्रंक त्यांनीच वर आणली. चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याला आणखी काय हवं? तरी उगाच धाकधूक वाटते. स्वभावाला औषध नाही.

९ जुलै
जावई चार दिवस शाळेत गेले नाहीत. झोपतही नाहीत. ठमीचे जुने फोटो मांडून बसतात आणि तिला समोर उभी करून पट्टीने कान मोजतात. आज मला हळूच म्हणाले, मामा, ही आपली ठमी नाही, बदलून आणलीय. मी हसलो. ते हसले नाहीत.

११ जुलै
लेकीशी बोललो. तिला ठाऊक होतं! लग्नाआधीही एकदा असंच झालं होतं म्हणे. मला म्हणाली, बाबा, झाकली मूठ राहू द्या. शाळेत कळलं तर नोकरी जाईल, आपोआप बरे होतील.
मला सांगितलं नव्हतं. एका शब्दाने नाही.

१२ जुलै, सकाळी
जावई म्हणाले, हिला परत पाठवली की आपली परत येईल. कुठे पाठवायची, हे विचारायची छाती झाली नाही.
जिन्यात जाऊन मनोरुग्णांच्या दवाखान्याच्या तातडीच्या नंबरावर फोन केला. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, वाद घालू नका, सुऱ्या-कात्र्या लपवा, पोरीला नजरेआड करू नका, गाडी पाठवते. सगळं तसंच केलं.

दुपारी
फोनवरच्या बाई आल्याच नाहीत. एक तरुण डॉक्टर आणि दोन मदतनीस आले, त्यांना फक्त पत्ता दिला होता. डॉक्टर दारातच थांबले, हात दिसतील असे ठेवून. हळू विचारलं, त्रास कुणाला होतोय? जावयांनी खुर्ची पुढे केली, या, बसा म्हणाले. मी थरथरत, रडत, एकात एक बोलत होतो. डॉक्टरांनी दोघांकडे पाहिलं आणि लेकीला विचारलं.
तिने माझ्याकडे बोट केलं.
माझ्या गादीखाली चार सुऱ्या, दोन कात्र्या निघाल्या. फोनवर सांगितलं होतं, म्हणालो. डॉक्टर गोड आवाजात म्हणाले, हो आजोबा, आणखी कोण कोण बोलतं फोनवर?
लेक पाणी घेऊन वाकली. कानात म्हणाली, बाबा, दोनच दिवस. माझा संसार वाचवा.
पोटची पोर—

गाडीत
सुई टोचली. पट्टे बांधले. एक हात मोकळा, वही खिशातच होती. जीभ वळत नाही, म्हणून लिहितो, लेक वाचेल.
सोबत एक नातेवाईक लागतो म्हणे, सहीला. लेक चपला घालून निघाली. जीभ वळत होती तोवर मी ओरडलो, तू नको, पोरीजवळ थांब— कुणी ऐकलं नाही. जावई म्हणाले, मी आहे ना घरी.
गाडी अजून खालीच. कागद भरताहेत. मागचं दार उघडं. आमची गॅलरी दिसते.
तिथे जावई आले. ठमी कडेवर. लेकीने हात हलवला. म्हणाली, बघा, किती शांत आहेत.
सही करायला वळली.
ठमीला वर का धरलंय— कठड्याच्या—
अगं वही बघ. वर बघ. व