घागऱ्यातला पिंजरा

योकोहामा, दुसरा महिना, ५

बाबांचं चित्र परत आलं! छापखान्याचे सेइबेई शेठ म्हणाले, "ही मडम आहे की पालथं घातलेलं भाताचं भांडं?" अख्ख्या एदो शहराला मडमांची चित्रं हवीत, आणि आमची मडम जागची हलेना. बाबांनी आजवर छपाईचे लाकडी ठसे कोरणाऱ्याला काढून दिलेली फुलं, पैलवान, नट, सगळे जिवंत. पण फुगलेल्या घागऱ्याच्या आत काय असतं ते कुणी सांगावं! आठवड्यात जमलं नाही तर शेठ काम दुसऱ्याला देणार.

६

शेजारच्या कोमामावशी टेकडीवरच्या मडमकडे कपडे धुतात. त्यांना विचारलं.

"पिंजरा असतो," म्हणाल्या.

"मावशी, थट्टा पुरे!"

"अगं तामी, मीच उन्हात टांगते ना! पोलादी कड्यांचा."

बाबांना सांगितलं. म्हणे, "कोमा सकाळीच साके प्यायली असेल."

८

खरंच पिंजरा!!

मावशींबरोबर गेले. दोरीवर लटकत होता. मी कुंपणाआडून त्याचं चित्र काढत बसले, तर मडमच समोर उभी. तिने कागद पाहिला — आणि खदाखदा हसली. हाताला धरून घरात नेलं. माझ्या किमोनोवरूनच पिंजरा कमरेला बांधला! दारात अडकले. खुर्चीत बसले तर पुढचं कडं थेट नाकाशी. मावशी हसून हसून ओल्या कपड्यांवरच बसल्या. मग मडमने स्वतः चालून दाखवलं, वळून दाखवलं, जिना उतरून दाखवला. किती काढू नि किती नको!

९

दिवसभर रेखाटन. आजवर बाबांच्या हाताखाली रंग भरले, पण अख्खं चित्र पहिल्यांदाच. भात बाबांनी केला. करपला. दोन वाट्या खाल्ला.

१२

शेठ आले. चित्र उजेडात धरलं. मग मांडीवर थाप — "चालतेय! वाऱ्यातून चालतेय ही! तीन पानं जोडून मोठं छापतो."

बाबा उठून अंगणात गेले. त्यांच्या पाठीकडे बघून माझा आनंद निम्मा झाला. शेठ फक्त बाबांच्या सहीची चित्रं घेतात, तेव्हा सही त्यांचीच असणार. असू दे. त्यांना तेवढं तरी.

२४

छापलेलं चित्र आलं. सहीच्या जागी — तामी! मी धावत कोरणाऱ्याकडे गेले, चूक झालीय म्हणून सांगायला. तो म्हणाला, "नाव कोरलं तेव्हा तुझे बाबा इथे बसून होते. दोनदा वाचून घेतलं त्यांनी."